निळे खुंट

लिफ्टमनचं खरं नाव पेन्शनच्या कागदांवर असेल कुठेतरी, पण ते वापरणारं माणूस आता उरलं नव्हतं. ताई त्यांना 'अरे' म्हणायची, खालचा दुकानदार 'काका' म्हणायचा, आणि बाकीच्या जगावर त्यांना हाक मारायची वेळच येत नव्हती. 'लिफ्टमन' हे नाव पाणथळीवर मिळालं. पहिल्या रविवारी ओळखी होताना कुणीतरी विचारलं, "तुम्ही काय करायचात?" हे म्हणाले, "लिफ्टमन होतो." झालं, तेच चिकटलं. त्यांना ते आवडलंही. रिटायर झालेल्या माणसाला कुणी कामाच्या नावानं हाक मारली, की तो अजून कामावर असल्यासारखा ताठ बसतो.

एका मोठ्या कचेरीच्या इमारतीत तीसेक वर्षं लाकडी स्टुलावर बसून त्यांनी लोकांना वर नेलं आणि खाली आणलं. माणसं इतकी जवळ उभी राहायची, की कुणाच्या खिशात खोकल्याच्या गोळ्या आहेत आणि कोण घरून भांडून आलंय हे न सांगता कळायचं. पण बोलणं एकच. हे विचारायचे, "कितवा?" आणि समोरचा सांगायचा, "पाचवा." तो पाचव्यावाला बढती मिळून सातव्यावर गेला, टक्कल पडलं, मुलींची लग्नं झाली, शेवटी हारतुरे घेऊन कायमचा खाली उतरला, संभाषण मात्र आकड्याच्या पुढे सरकलं नाही. मग बटणांच्या लिफ्ट आल्या आणि स्टूल हललं. आता थट्टा बघा, हे स्वतः राहायचे चौथ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्टच नव्हती.

लग्न राहून गेलं होतं. राहून गेलं म्हणजे कुणी नकार दिला अशातला भाग नाही. यांनी कुणाला विचारलंच नाही. आई होती तोवर घरात दोन ताटं लागत. आई गेली, तेव्हापासून एकच. ताई दूरच्या गावी मुलाकडे असायची. तिचा महिन्याकाठी फोन यायचा आणि त्यात तिचे गुडघे जास्त बोलायचे. "तू बरा आहेस ना?" हा प्रश्न शेवटी यायचा, आणि त्याचं उत्तर 'हो' हेच असतं हे दोघांना ठाऊक होतं.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून ते संध्याकाळी वाचनालयापर्यंत जात. तिथल्या फळ्यावर एकदा हातानं लिहिलेला कागद दिसला. 'पाणथळीवर काम आहे. हिवाळ्यात दर रविवारी. पगार नाही, चहा आहे. हात हवेत.' लिफ्टमननी तो पुन्हा पुन्हा वाचला. हात हवेत. तोंड हवं असं कुठे म्हटलं नव्हतं. ते गेले.

पाणथळ शेवटच्या बसथांब्याच्याही पलीकडे होती. राखीव जागा, तारेचं कुंपण, एक पत्र्याची खोली, आणि मग जिथवर नजर जाईल तिथवर देवनळ, म्हणजे माणसाच्या डोक्यावरून जाणारं, वाऱ्यावर सळसळणारं गवत. त्याच्या बुडाशी पाणी आणि पाण्यात पाणकोंबड्या. तिथली देखभाल करणारी सरकारी बाई वयानं तरुण आणि आवाजानं बारीक होती, म्हणून गळ्यात शिट्टी घालून फिरायची. तिला सगळे मागून शिट्टीबाई म्हणायचे आणि हळूहळू तोंडावरही म्हणू लागले.

शिट्टीबाईनं पहिल्या दिवशीच सगळं समजावलं होतं. या पाणथळीचा वैरी एक झाड. वाळुंज. दिसायला नाजूक, फांद्या लवलवत्या, पण पाण्याच्या बाबतीत पक्का दारुडा. काठानं वाढत वाढत तो आत शिरतो, पाणी पिऊन चिखल करतो, चिखलाची माती करतो, मग देवनळ वाळतो आणि पाखरं निघून जातात. म्हणून तो कापायचा. आणि हिवाळ्यातच कापायचा, कारण तेव्हा घरटी नसतात आणि आपल्या पायांखाली कुणाचा संसार मोडत नाही. पण नुसता कापून भागत नाही. एक खोड कापावं तर खुंटातून दहा धुमारे फुटतात. त्यावर उपाय म्हणजे ताज्या कापावर लगेच औषध लावणं. औषध पाण्यासारखं, लावलं की दिसायचं नाही, म्हणून त्यात निळ्या रंगाची पूड कालवायची. खुंट निळा दिसला की समजावं, हा झाला.

लिफ्टमनचा खांदा आखडलेला. करवत दोनदा ओढली आणि चेहरा असा झाला, की शिट्टीबाई म्हणाली, "काका, तुम्ही निळं लावा."

तेव्हापासून डबा आणि ब्रश त्यांचे. माणसं करवती घेऊन पुढे, हे डबा घेऊन मागे. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात जाड मोजे. खुंट पुसायचा, भुसा झटकायचा, कडेकडेनं ब्रश फिरवायचा, कारण रस कडेनंच वर चढतो. एकही खुंट सुटू द्यायचा नाही. हे काम त्यांना जमलं. आयुष्यभर दार बंद झाल्याची खात्री करूनच लिफ्ट हलवणारा माणूस तो.

मंडळी तशी दहा-बाराच होती. त्यातले दातांचे डॉक्टर सगळ्यांत जोरात करवत चालवायचे आणि म्हणायचे, "दातापेक्षा हे बरं. झाड तोंड मिटत नाही." दर रविवारी हेच म्हणायचे, आणि सगळे दर रविवारी हसायचे. लिफ्टमनना वाटायचं, एकच विनोद दर आठवड्याला ऐकायला मिळणं यासारखं सुख नाही. तो ऐकायला आपण तिथं लागतो ना.

आणि होत्या शिंपीणबाई. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान. नवरा गेलेला, मुलगा परदेशी. हात बारीक, पण करवत चालवायच्या कापड फाडल्यासारखी, सरळ. त्या कापत आणि मागून लिफ्टमन निळं लावत, अशी जोडीच पडून गेली. चहाच्या वेळी शिट्टी वाजली, की पत्र्याच्या खोलीसमोर पडलेल्या ओंडक्यावर दोघं बसत. बोलायच्या त्याच. गिऱ्हाइकं कशी पोट आत ओढून माप देतात आणि मग कपडा घट्ट झाला म्हणून भांडायला येतात, मुलगा फोनवर कसा आधी हवामान सांगतो. लिफ्टमन 'हं' म्हणायचे. त्यांचं 'हं' चांगलं होतं, नेमक्या जागी यायचं.

एकदा त्यांच्या कोटाचं बटण लोंबत होतं. शिंपीणबाईंनी बोलता बोलता खिशातून छोटी डबी काढली, सुई ओवली, आणि अंगावरच्या अंगावर बटण शिवायला घेतलं. "हलू नका, टोचेल." ते हलले नाहीत. श्वाससुद्धा जपून घेतला. इतकं जवळ उभं राहिलेलं माणूस त्यांनी लिफ्टमध्ये हजारदा पाहिलं होतं, पण ते माणूस त्यांच्यासाठी जवळ आलेलं नव्हतं. बाईंनी दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, "घ्या. आता कोट फाटेल, बटण जायचं नाही."

त्या संध्याकाळी चार मजले चढताना त्यांना धाप लागली नाही.

असे दोन हिवाळे गेले. बाकीचं जग वसंताची वाट बघतं, ऊन आलं की बाहेर पडतं. लिफ्टमनचं उलटं झालं होतं. ऊन वाढलं, कोंब फुटले, की पाणथळ बंद, काम बंद, रविवार कोरडा. थंडीची पहिली झुळूक खिडकीतून आली, की हा गृहस्थ पेटीतले लोकरीचे मोजे काढून उन्हात टाकायचा.

तिसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीला एके दिवशी चहाच्या वेळी शिट्टीबाई ओंडक्यावर चढून उभी राहिली. "आनंदाची बातमी आहे," ती म्हणाली. "आता फक्त पलीकडची पट्टी उरली. ती दोन रविवारांत झाली की वाळुंज संपला. पुढच्या हिवाळ्यापासून तुम्हा कुणाला इथे यायची गरज नाही. तुम्ही करून दाखवलंत."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लिफ्टमननीही वाजवल्या. जाड मोजे असल्यानं त्यांच्या टाळीचा आवाज झाला नाही.

शिंपीणबाई तर फुलून आल्या होत्या. ओंडक्यावर बसत म्हणाल्या, "खरं सांगू? माझं काम कधी संपतच नाही बघा. शिवलेलं उसवतं, फाटतं, ढिलं होतं, परत माझ्याच दारात येतं. आयुष्यात पहिल्यांदा एक काम असं होतंय, की झालं म्हणजे झालं. ती पट्टी मी स्वतः कापणार आहे. कुणाला हात लावू देणार नाही."

"हं," लिफ्टमन म्हणाले. पण ते नेमक्या जागी आलं नाही.

तो आठवडा वाईट गेला. जेवताना एकच गोष्ट डोक्यात यायची: काम संपलं. ताईचा फोन आला. ती म्हणाली, "बरा आहेस ना?" हे म्हणाले, "हो." आणि रिसीव्हर ठेवल्यावर बराच वेळ फोनपाशीच बसून राहिले. काय करता आलं असतं? तुम्ही-आम्ही असतो तर शिंपीणबाईंना म्हणालो असतो, काम संपलं तरी भेटत राहू, या एकदा चहाला. इतकं सोपं. पण हे वाक्य लिफ्टमनच्या डोक्यातच आलं नाही. ज्या दुकानात कधी गेलोच नाही तिथला माल आपल्याला आठवत नाही, तसं ते झालं.

आलं ते भलतंच. पुढच्या रविवारी पत्र्याच्या खोलीमागे, रोजच्या जागी, ते डबा तयार करायला बसले. औषधाची बाटली समोर होती. पुडी समोर होती. त्यांनी डब्यात पाणी ओतलं, पुडी सोडली, काडीनं ढवळलं. सुरेख निळं झालं. औषध त्यांनी त्यात घातलंच नाही. थोडं औषध गवतावर ओतून बाटलीतली पातळी तेवढी खाली आणून ठेवली, म्हणजे संशय नको. काम चोख झालं. नाकासमोर चालणाऱ्या माणसानं आयुष्यात एकदा वाकडं पाऊल टाकलं, तेही टापटिपीनं.

दोन रविवार शिंपीणबाई पुढे कापत गेल्या आणि हे मागून निळं पाणी लावत गेले. मनगट दुखायला लागलं, की बाई क्षणभर थांबायच्या, मागे वळून निळ्या ठिपक्यांची रांग बघायच्या आणि परत करवत उचलायच्या. लिफ्टमन मान खाली घालून ब्रश फिरवायचे. कडेकडेनं, नीट, एकही न सोडता. शेवटचं खोड पडलं तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्यांचा फोटो निघाला. त्यात लिफ्टमन टोकाला आहेत, हातात डबा.

मग उन्हाळा. तो कसा गेला हे सांगण्यासारखं नाही, कारण काही घडलंच नाही. ते खिडकीत बसत आणि तिकडे धुमारे वाढत असतील याचा विचार करत. मनात दोन माणसं बसली होती. एक म्हणायचं, वाढू देत, हिवाळ्यात सगळे परत येतील, डॉक्टर तोच विनोद करतील. दुसरं म्हणायचं, लाज वाटत नाही? पहिलं माणूस दिवसा बोलायचं, दुसरं अंथरुणावर पडलं की. बाजाराकडे जायची वेळ आली, तर ते मागची गल्ली टाळून लांबच्या रस्त्यानं जात.

थंडी पडू लागली आणि शिट्टीबाईचा फोन आला. "काका, घात झाला. वाळुंज परत फुटला. पलीकडची अख्खी पट्टी. येणार ना रविवारी?"

"येणार," ते म्हणाले. आवाज इतका पटकन निघाला, की त्यांचे तेच दचकले. त्या शनिवारी त्यांनी बिस्किटांचा मोठा डबा घेतला. दहा-बारा माणसांना पुरेल असा.

रविवारी बसमधून उतरून ते फाटकाशी आले, तर शिट्टीबाई एकटीच उभी होती. शिट्टी गळ्यात होती, पण वाजवायची कुणासाठी?

"बाकीचे?" त्यांनी विचारलं.

"नाही येत कुणी. सगळ्यांना फोन केले. डॉक्टर म्हणाले, तीन हिवाळे घातले आणि परत तेच, आता रविवारी झोपतो. कुणाचं काय, कुणाचं काय. मन उडालं हो सगळ्यांचं."

"शिंपीणबाई?"

"त्यांना तर सांगायलाच नको होतं.  म्हणाल्या, म्हणजे तेही उसवलंच. आणि ठेवला फोन."

दोघं पट्टीकडे गेले. खुंटाखुंटावर धुमाऱ्यांचे झुबके उभे होते, माणसाच्या खांद्याएवढे. खाली वाकलं, की सालीवर निळ्याचा पुसट डाग अजून दिसत होता. मधलं पाणी उन्हाळ्यात आटून गेलं होतं, चिखलाला भेगा पडल्या होत्या, आणि त्या तुकड्यातला देवनळ वाळून आडवा झाला होता. "इथे पाणकोंबडीचं घरटं होतं," शिट्टीबाई म्हणाली. "पिल्लं घेऊन कुठे गेली कुणास ठाऊक. वरून मला बोलणी बसली. मी औषधवाल्याशी भांडून आले, म्हटलं, बनावट माल दिलास. तो बिचारा शपथा घेत होता."

 माणसं धरून ठेवायला त्यांनी काम जिवंत ठेवलं होतं. आता काम खांद्याएवढं वाढून समोर उभं होतं, आणि माणूस एकही नव्हतं. हातातला बिस्किटांचा डबा एकाएकी फार जड झाला.

"औषध खरं होतं," ते म्हणाले. "मी ते घातलंच नाही. नुसता रंग होता."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. 

"का पण?"

"काम संपत होतं."

"संपावं म्हणूनच करतो ना काम, काका," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं, पण तिचा आवाजच बारीक. तिनं खोलीचं कुलूप काढलं, औषधाची बाटली आणून त्यांच्या समोर ठेवली आणि एक करवतही ठेवली. "मला दुसरं कुणी मिळायचं नाही. तेव्हा तुम्हीच करा. आणि डबा माझ्यासमोर कालवायचा."

तो हिवाळा लिफ्टमननी एकट्यानं काढला. शिट्टीबाई डबा कालवेपर्यंत थांबायची, मग दुसऱ्या काठाला निघून जायची. आखडलेल्या खांद्यानं ते एकेक धुमारा कापायचे, करवत ठेवायचे, ब्रश उचलायचे, खुंट पुसायचे, निळं लावायचे. आधी जे दोघांचं काम होतं ते आता एकाचं होतं आणि दुपटीहून जास्त वेळ लागायचा. चहाच्या वेळी शिट्टी वाजत नसे. ते आपले ओंडक्यावर येऊन बसत, तेही सवयीनं एका टोकाला. डॉक्टरांचा विनोद त्यांनी एकदा मनातल्या मनात करून पाहिला. हसू आलं नाही.

थंडी ओसरता ओसरता पट्टी झाली. शिट्टीबाईनं सगळी फिरून पाहिली, मान हलवली आणि म्हणाली, "आता झालं." आभार मानले नाहीत. त्यांनाही ते नको होते.

पुढच्या शनिवारी ते बाजाराच्या मागच्या गल्लीत गेले. दुकान त्यांना वाटलं होतं त्याहून लहान निघालं. एक मशीन, एक दिवा, दोरीवर टांगलेले कपडे, कोपऱ्यात गिऱ्हाइकाचं स्टूल. शिंपीणबाईंनी मान वर केली. "अहो, लिफ्टमन," त्या म्हणाल्या आणि पटकन कोटाकडे पाहिलं. बटण जागेवर होतं.

त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पुडी, पाणी, गवतावर ओतलेलं औषध, आणि आता पट्टी खरंच झाली आहे, निळं या वेळी खरं आहे. आयुष्यात एका दमात इतकं ते कधी बोलले नव्हते. बाईंचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला होता.

"माझं मनगट अजून दुखतं," त्या म्हणाल्या. "आणि मला वाटत राहिलं, मीच कापायला चुकले."

"नाही. तुम्ही सरळ कापलं होतंत."

"पण केलंत कशासाठी?"

"रविवारसाठी," ते म्हणाले. मग फार हळू, "ओंडक्यासाठी."

 बाई कापडाची कड बोटांनी सरळ करत राहिल्या. रागावल्या होत्या, ते दिसत होतं, आणि नुसत्या रागावल्या नव्हत्या, तेही दिसत होतं.

"एवढंच होतं तर विचारायचंत," त्या शेवटी म्हणाल्या. "दोन माणसांनी चहा प्यायला वाळुंज कशाला लागतो?"

आणि त्या थांबल्या. कापडाची कड बोटांत तशीच होती, नजर यांच्यावर होती. ही विचारायची जागा होती. आंधळ्यालाही दिसली असती. लिफ्टमनना दिसली. तोंड उघडलं, जीभ हलली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीची ती जीभ एकच प्रश्न जाणत होती, "कितवा?" तो इथे चालणार नव्हता.

"येतो," ते म्हणाले.

बाईंनी क्षणभर वाट पाहिली, मग मान खाली घातली आणि मशीन सुरू झालं. गल्लीच्या तोंडापर्यंत त्याचा आवाज येत होता.

ते घरी आले, चार मजले चढले, दिवा लावला. कोट काढून खुंटीला अडकवला आणि खुंटीकडे तोंड करून उभे राहिले. "रविवारी चहाला याल का?" ते म्हणाले. खोलीत ते वाक्य अगदी सरळ आलं, कुठेही न अडखळता. त्यांनी ते आणखी एकदा म्हणून पाहिलं, आणि मग एका माणसापुरतं आधण ठेवलं.